तीन बुचं काळा

“हा,” म्हणून हिने शेडकार्डावर बोट ठेवलं, आणि समोर बसलेला शिट्टी म्हणाला, “वा वहिनी! डोळा आहे तुम्हाला.”

मी चहाचा कप खाली ठेवला. हिच्या बोटाखाली मोरपंखी होता. साधासुधा नव्हे, पट्टीतला सगळ्यात खालचा, सगळ्यात गडद. एकवीस वर्षं मी रंगाच्या दुकानात मशीनवर रंग मिसळतोय. त्या पट्टीतल्या वरच्या दोन छटा लोक विकत नेतात आणि खालच्या दोन नुसत्या बघतात, हे मी झोपेतसुद्धा सांगेन.

“स्वयंपाकघराला?” मी विचारलं.

“स्वयंपाकघराला. चारी भिंतींना नाही, त्या एकाच.”

“अगं, आठ दिवसांत अंगावर येईल. मलई लाव. शांत वाटतं, डागही दिसत नाहीत.”

“मलईवर डाग दिसत नाहीत? की तुम्हाला दिसत नाहीत?” ही म्हणाली, आणि शिट्टी फसकन हसला.

हा शिट्टी म्हणजे आमच्या दुकानाचा ठरलेला रंगारी. कुणी गिऱ्हाईकाने चांगला माणूस सुचवा म्हटलं की मी ह्याचाच नंबर देतो. काम करताना तोंडाने अखंड शिट्टी वाजवतो, म्हणून त्याला सगळे शिट्टी म्हणतात. वय माझ्याइतकंच, पण केस शाबूत. शिडीवर चढला की पोट आत जातं. माझं कशावरही चढलं तरी जात नाही. इतकी वर्षं मला हा माणूस आवडत होता. त्या दिवशी हिच्या विनोदावर तो माझ्याआधी हसला आणि आवडेनासा झाला.

भिंतीचं महत्त्व मला ठाऊक नव्हतं असं नाही. ही घरी शिवणकाम करते. एका इस्पितळाचे डॉक्टरी कोट तिच्याकडे येतात, गठ्ठ्यांनी. घरात उजेड फक्त स्वयंपाकघरात, म्हणून मशीन तिथे. खिडकी पाठीशी, भिंत समोर. भिंत पांढरी, कोट पांढरे, दोरा पांढरा. सहा महिन्यांपूर्वीच ती मला म्हणाली होती, “दिवसभर पांढरं बघून डोळे आंबतात हो. समोर काहीतरी रंग हवा.” मी पेपर वाचत होतो. मलई लावू, म्हणालो. दोन महिन्यांनी तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा मलई म्हणालो. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी काय म्हणालो ते आठवत नाही, पण मलईच म्हणालो असणार.

मग तिने मला विचारायचं सोडलं आणि शिट्टीला विचारलं. एकवीस वर्षं ज्याच्या नखांतला रंग निघत नाही असा नवरा घरात असताना हिने रंगाचा सल्ला बाहेरच्या माणसाला विचारावा! हे मला लागलं. चांगलंच लागलं.

“भाऊ, खरंच अंगावर येईल का हो?” ती शिट्टीलाच विचारत होती.

“अंगावर कशाला येईल? उलट तुम्ही शिवायला बसाल ना, तेव्हा ती भिंत सोबत करील. उजेड भरपूर आहे, गडद रंग खुलेल. मास्तर, काय म्हणता?”

“मी काय म्हणणार,” मी म्हणालो. “तुम्हा दोघांचं ठरलेलं दिसतंय.”

ती त्याला भाऊ म्हणत होती, म्हणजे खरं तर माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. संशयाने डोकं फिरलं की माणसाला भाऊ या शब्दाचाही संशय यायला लागतो.

भिंतीला आधी लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची होती, घासायची होती. त्यासाठी शिट्टी दुपारची दुसरी कामं सांभाळून आठवड्यात तीनदा येऊन गेला. मी दुकानात. संध्याकाळी घरी आलो की भिंतीवर त्याच्या हाताचे पांढरे फराटे, आणि हिच्या तोंडी “शिट्टीभाऊ म्हणत होते.” शिट्टीभाऊ म्हणत होते, ओट्याखालची फरशी बदलायला हवी. शिट्टीभाऊ म्हणत होते, खिडकीचा पडदा पिवळा केला तर मोरपंखी आणखी उठेल. एका जेवणात हे पाच वेळा झालं. मी मोजलं. सहाव्यांदा झालं तेव्हा मी भाजीत मीठ नाही म्हणालो. मीठ होतं.

एकदा भांडी घासता घासता ही काहीतरी गुणगुणत होती. चाल ओळखीची वाटली. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ही चाल मी दुकानाच्या मागच्या गोदामात शंभरदा ऐकली होती. शिट्टीची चाल.

बुधवारी दुकानात पोट बिघडल्याची थाप मारून मी भर दुपारी घरी गेलो. लाज वाटते सांगायला, पण गेलो. जिना चढताना दोघांचं हसणं ऐकू आलं. दार सताड उघडं होतं. ही मशीनपाशी कोटाला बटणं लावत बसलेली, तो भिंतीपाशी, डोक्यावर लांबीची भुकटी, जवळच स्टुलावर माझा कप. माझा, दांडीजवळ टवका उडालेला. त्यात शिट्टीचा चहा.

“काय झालं हसायला?” मी विचारलं.

“काही नाही हो, उगाच,” ही म्हणाली. “तुम्ही कसे आलात?”

“का, येऊ नये का?”

हिने माझ्याकडे पाहिलं. शिट्टीने भिंतीकडे पाहिलं. त्या ‘उगाच’ने माझा तिळपापड केला. काहीतरी सांगितलं असतं, अगदी खोटं सांगितलं असतं, तरी मी विसरून गेलो असतो. नवऱ्याबरोबर इतक्या वर्षांत कधी उगाच हसली होती, ते आठवायचा मी प्रयत्न केला. सापडेना. मग त्याचाही राग आला. आणि तिच्यावरच आला, कारण स्वतःवर राग काढायची मला सवय नाही.

शनिवारी मी दुकानात तो रंग बनवला. आमचं मशीन आकडा टाकला की पांढऱ्या बेसमध्ये नेमका रंग सोडतं, त्यात चूक होत नाही. डब्यात तो मोरपंखी पडला, हलवणाऱ्या मशीनवर डबा गरगरून आला, मी झाकण उघडलं. खरं सांगायचं तर रंग सुरेख होता. ओला, गडद आणि जिवंत. हिने नेमका निवडला होता. मी तिला एकवीस वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं, डोळा आहे तुला. ते शिट्टीने म्हटलं.

सवयीने मी बोटाने त्या रंगाचा एक टिपका झाकणावर लावला. आत काय आहे ते गिऱ्हाईकाला वरून कळावं म्हणून आम्ही तसं करतो. मग फळीवरची काळ्या स्टेनरची बाटली घेतली. स्टेनर म्हणजे दाट रंग, थेंबाथेंबाने वापरायचा. मी बुचाने ओतला. एक बूच. डबा ढवळला. फरक दिसेना, म्हणून दुसरं. मग तिसरं, रागाचं. डबा पुन्हा मशीनवर चढवला, झाकण ठोकलं.

माझ्या मनात काय होतं? भिंत मळकट येईल, ही म्हणेल, शी, हा काय रंग. मग म्हणेल, तुम्ही सांगत होतात तेच बरोबर होतं. शिट्टीभाऊंचं नाव जेवणातून जाईल, आणि आमच्या भिंतीवर मलई येईल. इतकं साधं होतं. घरी डबा घेऊन जाताना मी चक्क खुशीत होतो.

रविवारी सकाळीच शिट्टी आला. हिने ठेवणीतली साडी नेसली नव्हती, जुनीच होती, पण वेणी नीट घातली होती, ते मी पाहिलं. मशीनवर चादर टाकून तिने ते बाजूला सरकवलं आणि नाटकाचा पडदा वर जाणार असावा तशी खुर्ची घेऊन समोर बसली.

शिट्टीने डबा उघडला. काठी घातली, ढवळायला लागला. तो वरवर ढवळत नाही, पार तळापासून ढवळतो, त्याचं तसंच आहे. शिट्टी चालू होती. मग त्याने ब्रश बुडवला, भिंतीच्या कोपऱ्यात एक हात लांब पट्टा ओढला, आणि शिट्टी थांबली.

त्याने पट्ट्याकडे पाहिलं. मग खाली वर्तमानपत्रावर ठेवलेल्या झाकणाकडे पाहिलं. माझीही नजर तिकडे गेली. झाकणावर माझ्याच बोटाचा टिपका होता. झगझगीत मोरपंखी. सवयीने लावलेला, काळा टाकायच्या आधीचा. एकवीस वर्षांची सवय, त्या क्षणी तिला तरी कसं कळणार होतं की मालकाला चोरी करायची आहे!

“काय झालं भाऊ?” हिने विचारलं.

“काही नाही वहिनी,” शिट्टी म्हणाला, आणि पायाने झाकण उलटं केलं. “ओला रंग असाच दिसतो. वाळला की कळेल.”

त्याने दोन्ही हात मारले, मध्ये तीन तास सोडून. एकदाही शिट्टी वाजवली नाही. दुपारी तीनला भिंत वाळली. रंग हिरवा नव्हता, निळा नव्हता. पावसानंतर आठ दिवस खड्ड्यात राहिलेल्या पाण्याचा असतो तसा काहीतरी होता. घरातला उजेड अर्ध्याने कमी झाला.

ही उठून भिंतीजवळ गेली. मागे आली. शेडकार्ड आणून भिंतीला लावून बघितलं. मी वाट बघत होतो, शी म्हणेल. ती म्हणाली नाही.

“मी निवडला तो असा नव्हता ना?” तिने हळूच विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही.

“चूक माझी आहे वहिनी,” शिट्टी म्हणाला. “डबा नीट ढवळला नाही मी. तळाचा रंग वर आला. घाई झाली.”

“असू दे,” ही म्हणाली. “तुम्ही तरी काय करणार.” आणि चहा टाकायला वळली.

शिट्टी निघाला तेव्हा मी जिन्यापर्यंत गेलो. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. तोच थांबला.

“मास्तर, माझ्याशी भांडण होतं तर मला दोन शब्द बोलायचे. त्यांच्या भिंतीवर कशाला काढलंत?”

“तुला कोणी सांगितलं होतं चूक अंगावर घ्यायला?” मी म्हणालो.

“तुमच्यासाठी नाही घेतली.” त्याने बादली दुसऱ्या हातात घेतली. “उद्या बरोबर डबा आणा. मी येऊन लावून देतो. वहिनींना काही कळायचं नाही.”

मला आभार मानायला हवे होते. पण मला भलताच मत्सर वाटला. खरं लपवून माझ्या बायकोला दुखावण्यापासून वाचवायचं मला सुचलं नव्हतं, ते ह्याला सुचलं. माझ्या पापातही ह्याचाच चांगुलपणा उठून दिसत होता.

सोमवारी मी दुकानात पहिलं काम तेच केलं. तोच आकडा, तोच बेस. काळ्या स्टेनरच्या बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन घरी आलो.

ही मशीनवर होती. कोट शिवत होती. शेजारी टेबलावर ते झाकण होतं, पुसून, सुलटं ठेवलेलं. कोरडा टिपका वर.

“नवीन डबा आणलाय,” मी म्हणालो. “तो बेसच जुना होता. कधीकधी होतं असं. शिट्टी आज येऊन लावून जाईल.”

हिने पाय थांबवला. मशीन थांबलं.

“शिट्टीभाऊ म्हणाले ढवळला नाही. तुम्ही म्हणता बेस जुना होता. दोघांनी आधी ठरवून तरी यायचं.” ती हसली नव्हती. “ते ढवळत होते तेव्हा मी खुर्चीत बसून बघत होते हो. पंधरा मिनिटं ढवळत होते.”

मी डबा खाली ठेवला.

“किती टाकलात?”

“काय किती?”

“काळा.”

“तीन बुचं,” मी म्हणालो.

तिने मान हलवली, भाजीवाल्याने भाव सांगितल्यावर हलवते तशी. का टाकलात, असं ती विचारेल म्हणून मी थांबलो. मनात उत्तर तयार होतं, रागाचंही होतं आणि रडकंही होतं. तिने विचारलंच नाही, म्हणून मीच बोललो.

“तू त्याच्याबरोबर हसत होतीस.”

“हो,” ती म्हणाली. “हसत होते.”

“मी विचारलं तर उगाच म्हणालीस.”

“उगाचच होतं. त्यांच्या कानात लांबी गेली होती, म्हणून हसलो. हे तुम्हाला सांगायला गेले असते, तर तुम्ही म्हणाला असतात, ह्यात हसण्यासारखं काय आहे.”

खरंच म्हणालो असतो. मला तेव्हाही तेच वाटत होतं.

ती उठली, भिंतीपाशी गेली, तळहात भिंतीवर ठेवला. “काल रात्री जेवताना तुम्ही म्हणालात, सांगत होतो ना, गडद रंग घेऊ नये. आठवतं? मी हो म्हणाले. रात्रभर मनात म्हणत राहिले, काय मूर्ख बाई आहे मी. एवढ्या वर्षांत एक गोष्ट आपल्या मनाने निवडली, तीही धड निवडता आली नाही. परत म्हणून कशाला हात लावायचा नाही. असं ठरवूनसुद्धा टाकलं होतं.” ती माझ्याकडे वळली. “सकाळी केर काढताना झाकण सापडलं. तोवर मी ते खरं धरून चालले होते.”

“मी आत्ता लावतो,” मी म्हणालो. “शिट्टी नको. मी स्वतः लावतो. शर्ट बदलतो आणि लावतो. दोन हात मारले की खालचं काही दिसायचं नाही.”

“नको.”

“अगं, तुझाच रंग आहे, तोच आहे. उघडून बघ.”

“असेल. पण आता तो लावला तर मला रोज आठवेल की खाली काय आहे. त्यापेक्षा हाच राहू दे.”

“हा? हा कसा राहू दे? कुणी आलं तर काय म्हणेल?”

“ते मी बघते,” ती म्हणाली.

मग तिने मशीनच्या पायांना धरून ते ओढायला सुरुवात केली. मी पुढे झालो, तर म्हणाली, मी करते. जड मशीन, करकरत तिने अर्धं फिरवलं. आता भिंत तिच्या पाठीशी आली आणि खिडकी समोर. कापडावर सावली पडत होती, म्हणून दोनदा इकडेतिकडे सरकवलं. मशीन फिरल्याने टेबल हलवावं लागलं, आणि टेबल हलल्याने माझी जेवायची खुर्ची बरोबर भिंतीसमोर आली. हे तिने मुद्दाम केलं की जागाच तेवढी होती, ते मी आजवर विचारलेलं नाही.

शिट्टी संध्याकाळी आला होता. हिने त्याला दारातूनच सांगितलं, राहू दे भाऊ, हाच बरा आहे. त्याने एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि बरं म्हणाला. तो गेला, पण मी तिथे उभा होतो आणि मला स्पष्ट कळलं की त्या दोघांना काहीतरी ठाऊक आहे. पंधरा दिवस मी जे नव्हतं ते शोधत होतो, जिन्यावर कान देत होतो. आता त्यांच्यात खरोखरच एक गोष्ट होती, माझ्याबद्दलची, आणि ती मीच तिथे ठेवली होती. आजही शिट्टी दुकानात येतो, डबे नेतो, मास्तर म्हणतो. कधी म्हणतो, वहिनी भेटल्या होत्या बाजारात. काय बोललात, हे विचारायचा मला हक्क राहिलेला नाही. पण जळायचं ते मी जळतोच.

ही माझ्याशी अबोला धरेल असं वाटलं होतं. धरला नाही. जेवण वेळेवर, बोलणं वेळेवर. फक्त ती आता काही विचारत नाही, मलई हवी की काय हवं ते. पडदा तिने स्वतः शिवला, पिवळा. इस्पितळाचे कोट कमी करून रंगीत कपड्यांचं काम घेतलं, तेही मला गठ्ठे घरात आल्यावर कळलं.

परवा माझी ताई आली होती, वर्षभराने. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि उंबऱ्यातच थांबली.

“अगं वहिनी, हा कुठला रंग म्हणायचा?”

मी जेवत होतो.

“दुकानात मिळत नाही हा,” ही म्हणाली. “कार्डावरसुद्धा नाही. तुमच्या भावाने मुद्दाम बनवला, स्वतःच्या हाताने, माझ्यासाठी.”

“ह्याने?” ताईने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. “बघ गं बाई! आम्ही समजत होतो, ह्याला घराकडे बघायला सवड नसते. नशीबवान आहेस.”

“हो ना,” ही म्हणाली, आणि मला विचारलं, “भात वाढू?”

मी वाढ म्हणालो.